पालथे कागद

गजाननराव,

वकील संघाचा चिटणीस परवा घरी आला. तरुण आहे, नम्र आहे. नम्र माणसाला हवे ते उत्तर काढून घेण्याची सवय असते, म्हणून मी सावध बसलो. म्हणाला, "नाना, सोमवारी शोकसभा आहे. गजाननरावांबद्दल तुम्ही चार शब्द चांगले बोलायचे."

"चांगले की खरे?" मी विचारले.

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने हसणे आवरले. "म्हणजे... दोन्ही एकच ना, नाना? त्यांची सचोटी सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

मी त्याला सांगितले, बोलेन. पण सचोटी हा शब्द माझ्याकडून आगाऊ कबूल करून घेऊ नये. बिचारा चहा अर्धा ठेवून गेला. तो गेल्यावर सून म्हणाली, "नाना, गेलेल्या माणसाची तरी उलटतपासणी नको." गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, हीच माझी अडचण होती.

तुम्ही हे वाचणार नाही. तरी तुम्हालाच उद्देशून लिहितो. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या तोंडावर बोलावे; तिऱ्हाइताकडे बोलले की ती चहाडी होते. तुम्ही असताना हे मला जमले नाही. आता तोंड राहिले नाही, नाव राहिले आहे. त्या नावाशी बोलतो.

आपण दोघांनी कर्जतच्या न्यायालयात हयात काढली, बहुतेक दाव्यांत समोरासमोर. बाररूमच्या खिडकीपाशी एक जुने सागवानी टेबल आहे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही. जागा कोणी ठरवून दिल्या नव्हत्या. मला पाठ भिंतीला टेकल्याशिवाय बसवत नसे, आणि तुम्हाला कुठेही बसवत असे, त्यामुळे त्या आपोआप ठरल्या. बाहेर ओसरीवर पट्टेवाला पक्षकारांची नावे पुकारत असे, पायरीवर अर्ज लिहिणारे मांडी ठोकून बसलेले असत, गावोगावची माणसे वडाखाली भाकरी सोडून आपल्या नावाची वाट पाहत. त्या गलबल्यातून तुम्ही आत आलात, की मी समोरचे कागद पालथे घालत असे. दावा तुमच्याविरुद्ध असो वा नसो. तुम्ही दारातूनच म्हणायचात, "घाला, घाला पालथे. मी येतोय." खोलीत हशा होई. तोवर माझे कागद पालथे घालून झालेले असत.

खालापूरला तारीख असली की आपण एकाच एसटीने जात होतो. शिळफाट्याला गाडी बदलावी लागे. तिथे तुम्ही दोन चहा सांगायचात आणि दोन्ही तुम्हीच प्यायचात, कारण सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलाचा चहा घ्यायचा नाही, असा माझा नियम होता.

"नाना, काय घालीन मी चहात? तुमचा दावा विरघळेल?"

"दावा नाही. मी."

"तुम्ही विरघळणारे असता, तर गोष्ट वेगळी होती," असे म्हणून तुम्ही दुसरा कप उचलायचात.

मी हे प्रेमाने आठवतो आहे, असा समज होऊ नये. मी तुमच्यावर नजर ठेवून होतो. एखाद्या साक्षीदाराशी तुम्ही ओसरीवर दोन वाक्ये जास्त बोललात, की मी त्याची नोंद मनात करत असे. तुम्ही न्यायाधीशांच्या विनोदाला हसलात, तर किती हसलात ते पाहत असे. तुमच्या उत्तरांत कधी खोटे सापडले नाही, आणि मला तेच खटके. ज्याचे सगळे स्वच्छ असते, त्याने धुण्याला वेळ कुठे काढला, हा प्रश्न वकिलाला पडतोच.

तरी त्या दाव्यापर्यंत माझा संशय सवयीचा होता. तो खरा झाला चांगुणाच्या दाव्यात.

तो दावा तुम्हाला आठवण करून देण्याची गरज नाही. पण पुढेमागे हे कोणा तरुणाच्या हाती पडले, तर त्याला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. पन्नासचे दशक सरत आले होते. चांगुणा ही खालापूरच्या रस्त्याला असलेल्या एका गावची विधवा, पदरी एक मुलगी. ती माझी पक्षकार. तिचा थोरला दीर सावळाराम तुमचा पक्षकार. सावळारामचे म्हणणे होते, की धाकट्या भावाने हयातीतच वाटणी करून वरची माळजमीन घेतली आणि खालच्या भातशेतावरचा हक्क सोडला. चांगुणाचे म्हणणे, अशी वाटणी कधी झालीच नाही. भातशेतात तिच्या नवऱ्याचा अर्धा हिस्सा आहे. लिखापढी काही नव्हती. दोन्हीकडचे साक्षीदार सारखेच पढवलेले, सारखेच बावरलेले. ते शेत गेले असते तर त्या बाईला मुलीला घेऊन भावाच्या दारात जाऊन राहावे लागले असते, आणि भावाच्या घरी तिला कोणी बोलावलेले नव्हते.

तिची साक्ष आली. तुम्ही उलटतपासणीला उभे राहिलात. आवाज चढवला नाही. तुम्ही तो कधी चढवत नव्हता.

"चांगुणाबाई, वाटणी झाल्याचं तुमच्या दिराने चार माणसांत सांगितलं होतं. ते खोटं होतं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

ती पिंजऱ्यात उभी होती. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. उत्तर नाही.

न्यायाधीश शहरात वाढलेले, नवे. म्हणाले, "बाई, प्रश्न समजला का? हो की नाही, एवढंच सांगा."

उत्तर नाही. मी तिला आदल्या दिवशी बजावले होते, की न्यायालयात नाते नसते. विचारतील ते सांगायचे. तिने मान हलवली होती. आणि आता ती गप्प होती. न्यायाधीशांनी साक्षीदार उत्तर देत नाही, असे लिहून घेतले. पेन कागदावर करकरले ते मला ऐकू आले. त्या क्षणी मला माझ्याच पक्षकाराचा संशय आला. जो उत्तर देत नाही त्याच्याकडे उत्तर नसते. या एका नियमावर मी सगळी वकिली केली. मला वाटले, वाटणी झालेली असणार आणि बाईने मला फसवले.

तुम्ही पुढचा प्रश्न विचारला नाहीत. खाली बसलात. तुमच्या मागे खांबाला टेकून सावळाराम उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. मी तुमचा पाहत होतो.

पुढच्या तारखेला दावा तुमच्या खिशात होता. हे पट्टेवाल्यालाही कळत होते. आणि तुम्ही उठून म्हणालात, की प्रतिवादी शपथ देऊ करतो: चांगुणाने गावदेवीच्या देवळात, देवीच्या पायांवर हात ठेवून वाटणी झाली नाही असे सांगितले, तर सावळाराम भातशेतातला अर्धा हिस्सा सोडील.

त्या काळच्या कायद्यात ही सोय होती. एका पक्षाने दुसऱ्याला शपथ देऊ करायची. दुसऱ्याने ती घेतली, की त्याचे बोलणे अखेरचे, त्यावर अपील नाही. पुढे ती सोय गेली. ती होती तेव्हाही हरत असलेला पक्षच तिचा आधार घेत असे. जिंकत असलेल्या माणसाने ती देऊ केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

न्यायाधीशांनी सावळारामला विचारले, "तुमचे वकील काय म्हणाले, समजलं? मान्य आहे?"

"मान्य हाय," सावळाराम म्हणाला. जमिनीकडे पाहत म्हणाला. तेही मी टिपून ठेवले.

मी चांगुणाला वडाखाली नेले आणि सांगितले, की यात काहीतरी डाव आहे. गुरव त्यांचा असेल. तिथे चार माणसे तिला भेडसावतील. ती घाबरून बोलली नाही, तर होते नव्हते ते सगळे जाईल. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "देवळात बोलाया मला कसलं भ्याव? तिथं बोलंन मी."

"मग कोर्टात का नाही बोललीस?"

पुन्हा गप्प. मला राग आला होता, हे ती समजली असावी. तिने फक्त एवढे म्हटले, "वकीलसाहेब, तुमी या संगं. म्हंजे झालं."

शपथ लिहून घ्यायला न्यायालयाने आपल्या कचेरीतल्या नाझरांना पाठवले. देऊळ लहान, गाभाऱ्यात दोन माणसे मावतील इतके. बाहेरच्या मंडपात आपण, नाझर, सावळाराम आणि गावचे पाचसहा म्हातारे. गुरवाने चांगुणाच्या हातात अंगारा दिला. ती उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. पाऊल आत पडेना. मंडपात कुजबूज सुरू झाली. नाझर घड्याळ पाहू लागले. मला वाटले, संपले.

तेव्हा तुम्ही सावळारामपाशी गेलात. काही बोलला नाहीत. त्याच्या खांद्याला हात लावलात आणि त्याला वळवून उभे केलेत: देवीकडे पाठ, तोंड दाराकडे.

आणि चांगुणा आत गेली. देवीच्या पायांवर हात ठेवला आणि मंडपातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाटणी झाली नाय. माज्या घरधन्यानं श्यात सोडलं नाय. खोटं बोलत आसंन तर माजी पोर माजी ऱ्हानार नाय."

नाझरांनी लिहून घेतले. दावा संपला. आम्ही जिंकलो.

आणि मी काय पाहत होतो? मी दाराबाहेर पाहत होतो. तुम्ही सावळारामचे तोंड दाराकडे का वळवलेत? बाहेर कोण होते? कोणाला खूण होती? बाहेर एक शेळी बांधलेली होती आणि पेंढ्याच्या चार गंजी. मी शेळी कोणाची याची चौकशी केली. ती गुरवाच्या मावशीची निघाली. त्या मावशीचीही मी चौकशी केली.

परतताना एसटीच्या थांब्यावर मी तुम्हाला विचारले, "गजाननराव, जिंकलेला दावा सोडलात. का?"

"माझ्या पक्षकाराने शपथ देऊ केली. मी नाही."

"तुमच्या पक्षकाराला सही येत नाही. अंगठा उठवतो."

"म्हणून त्याला स्वतःचं मन कळत नाही, असं थोडंच आहे?"

"हे उत्तर नाही झालं."

"खरं आहे," तुम्ही म्हणालात. "नाही झालं." आणि गाडी आली.

माझ्या बाजूने तुमच्याकडे काही गेलेले नाही, हे एकट्या मला ठाऊक होते. तुम्ही पैसे खाल्लेत असे लोक बोलू लागले, त्यावर म्हणून माझा विश्वास बसला नाही. माझा संशय त्याहून वाईट होता. मला वाटले, तुम्हाला बाईची दया आली आणि तुम्ही स्वतः निकाल लावलात. अडाणी पक्षकाराला समजावलेत, की बाई देवीला घाबरेल, शपथ घेणार नाही. आणि त्याला त्याच्याच संमतीने बुडवलेत. पैसे खाणारा वकील मला समजतो. त्याच्या लोभाची हद्द बांधता येते. पण ज्याने आपल्यावर भरवसा टाकला, त्याचा विश्वासघात जो चांगुलपणापोटी करतो, त्याला हद्द नसते. उद्या तो कोणाचाही करील.

यानंतर आपले भांडण सुरू झाले ते शेवटपर्यंत संपले नाही. त्या दाव्याचे नाव आपण पुन्हा घेतले नाही. बोलायचो ते कायद्याचे तत्त्व म्हणून. मी म्हणायचो, वकिलाने न्याय करायचा नसतो. ते काम वर बसलेल्याचे. तुम्ही म्हणायचात, "मग वकिलाने काय करायचं?" मी म्हणायचो, पक्षकार सांगेल ते मांडायचे. तुम्ही म्हणायचात, "बरोबर. अगदी तेच." आणि तुमच्या त्या बरोबरमध्ये मला उपहास ऐकू येई. कागद मी आणखी घट्ट पालथे घालू लागलो.

तुमची कामे कमी झाली. बाजारात, बसथांब्यावर सांगत, त्यांच्याकडे जाऊ नका, ते दावा देवळात नेऊन ठेवतात. नवे वकील तुम्हाला ओसरीवर अडवून म्हणत, "वकीलसाहेब, अंगाऱ्याची पुडी आहे का हो खिशात?" तुम्ही खिसा चाचपल्यासारखे करायचात आणि म्हणायचात, "संपली बुवा. देवीकडून यायची आहे." वहिनींनी शिवणयंत्र घेतले. तुमच्या ओट्यावर पोलकी शिवून मिळतील अशी पाटी लागली, ती मी येताजाता पाहत होतो. एका वाक्याने तुम्ही हे सगळे थांबवू शकला असता. ते वाक्य तुमच्याकडे असते, तर तुम्ही बोलला असता. बोलला नाहीत, म्हणजे नव्हते. माझा नियम मला सोडत नव्हता.

मध्ये एक गोष्ट झाली, ती नोंदवणे न्यायाचे आहे. माझी पत्नी मुंबईच्या इस्पितळात वारली. मी चार-आठ दिवस तिकडेच होतो. इकडे माझ्या प्रत्येक दाव्यात तुम्ही उभे राहिलात आणि पुढची तारीख मागून घेतलीत. ज्या दाव्यांत तुम्ही माझ्याविरुद्ध होता, त्यांतही. न्यायाधीश म्हणाले म्हणे, "तुम्ही दोन्हीकडून बोलताय, वकीलसाहेब." तुम्ही म्हणालात, "आज ते नाहीत, म्हणून त्यांच्या वाटणीचा संशयही मीच घेतोय, साहेब. तारीख द्या." परत आल्यावर मी प्रत्येक दाव्यातला हुकूम काढून वाचला. तुम्ही कुठे फायदा उठवला आहे का, ते पाहिले. मग पुन्हा एकदा पाहिले. कुठेही नव्हते.

मी परतल्यावर त्या दिवसांत तुम्ही संध्याकाळी माझ्या घरी येऊन बसत होता. बोलत नव्हता. वहिनींनी दिलेला डबा उंबऱ्याच्या आत ठेवायचात, बसायचात, उठून जायचात. हा माणूस काय काढून घ्यायला येतो, असा विचार मी कितीतरी दिवस केला. काही काढून नेलेले सापडले नाही. डबे मी परत केले. आभार मानले नाहीत. ते आज मानतो.

तुम्ही अंथरूण धरल्याचे कळले, तेव्हा मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी वहिनी चहा करायला आत गेल्या. तुम्ही उशीला टेकून बसला होता. आवाज खाली गेला होता. म्हणालात, "नाना, विचारा ना. किती वर्षं झाली, तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे."

मी म्हणालो, "औषध वेळेवर घेता का?"

तुम्ही डोळे मिटून हसलात. वहिनींनी आणलेला चहा मी घेतला. तुमच्याकडचा असा तो पहिलाच आणि शेवटचा. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

सोमवारी सकाळी मी न्यायालयात लवकर पोहोचलो. शोकसभा मधल्या सुट्टीत होती. भाषण तयार नव्हते. कायद्याचा अभ्यास, साधी राहणी, मनमिळाऊ स्वभाव, एवढे खोटे न बोलता म्हणता येत होते. त्यापुढे जाता येत नव्हते. जो माणूस आपल्या पक्षकाराचा होता की नव्हता हे मला ठाऊक नाही, त्याला सचोटीचा वकील म्हणून मी निरोप कसा द्यायचा? आणि मी म्हटले नाही, तर ते न म्हणणे ओसरीवरच्या प्रत्येकाच्या लक्षात आले असते. वहिनी समोर बसणार होत्या.

ओसरीच्या बाकावर एक म्हातारा काठी घेऊन बसला होता. मला पाहून उठू लागला.

"वळखलं का, वकीलसायब? मी सावळाराम."

ओळखले नाही म्हणावे इतका तो बदलला होता. पण मी ओळखले. विचारले, "इथे कशाला आलात?"

"कशाला म्हंजे? माजा वकील गेला. आज त्याच्यासाटी उभं ऱ्हायचं हाय ना समद्यांनी? मी बी उभा ऱ्हानार." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "तुमी लई थकला, सायब."

मी त्याच्या शेजारी बसलो. साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला होता. त्याला सोडणे माझ्या स्वभावात नव्हते.

"सावळाराम, गजाननरावांनी तुम्हाला त्या दाव्यात फसवलं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"कुनी? त्यांनी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवं, तुमाला ठाव नाय?"

"काय?"

"तुमी दोगं रोज येका टेबलाला बसायचा. मला वाटलं, तुमाला समदं ठाव आसंल."

"मला काही ठाऊक नाही. सांगा."

त्याने काठी दोन्ही गुडघ्यांत धरली. "वाटनी झालीच नवती, सायब. रागाच्या भरात चार मानसांत बोललो, झाली म्हनून. येकदा बोललो की मंग पुडं पुडं जात ऱ्हायलो. वकीलसायबांना बी तेच सांगितलं. त्यांनी तेच मांडलं. मंग धाकटी पिंजऱ्यात हुबी ऱ्हायली. मी थोरला दीर. उभ्या जल्मात ती माज्यासमोर येक अक्षार बोलली नवती, आमच्यात बोलत नायत. तिला इचारलं, दीर खोटा हाय का. येक शबूद बोलती तर मी संपलो आस्तो. नाय बोलली. श्यात चाललंय, पोर उगड्यावर पडतेय, तरी माजी मर्यादा राखून हुबी ऱ्हायली. त्याच सांजंला मी सायबांच्या घरी गेलो. म्हनलं, मला ह्यो दावा नको."

"मग सरळ दावा सोडायचा. कबुली द्यायची."

"मी बी तेच ठरवलं, पन तोंडातनं निघंना. भाऊबंद, पोरं, सोयरं. समद्या गावापुडं खोटा कसा पडू? सायबांनी ऐकून घेतलं. म्हनले, 'सावळाराम, मानसापुडं हरता येत नसंल, तर देवीपुडं हर.' मंग त्यांनी ती शपतीची वाट काडली. आनि म्हनले, 'ह्ये तुजं-माजं. माज्या तोंडातनं कुनाला कळनार नाय.'"

मी त्याची उलटतपासणी घेतली. त्याशिवाय मला राहवले नसते. विचारले, "देवळात तुम्ही दाराकडे तोंड का केलं होतं?"

त्याला या प्रश्नाचे महत्त्व काय, ते कळण्याचा संभव नव्हता. तो सहज म्हणाला, "मी कुटं केलं? मी देवीकडं बघत हुबा व्हतो. ती उंबऱ्याव आडली. सायबांनी येऊन माजा खांदा धरला आन् मला वळवला. मंग माज्या ध्यानात आलं, की मी समोर हाय म्हनून ती बोलंना. मी पाठ केली, म्हनून ती बोलली."

दारात कोणी नव्हते, गजाननराव. शेळीच होती.

"आता हे तुम्ही मला का सांगता?" मी शेवटचा प्रश्न विचारला.

"आता काय ऱ्हायलं? पोरांना मी सोता सांगून टाकलंय. धाकटीची पोर आपल्या घरी सुखाची हाय. तुमी बी सांगा कुनाला सांगायचं त्याला." मग जरा रागाने म्हणाला, "पन सायबांनी तुमाला सुदीक सांगितलं नाय?"

"नाही," मी म्हणालो. "मला सुद्धा नाही."

मधल्या सुट्टीत काम थांबले. न्यायाधीश खाली उतरून आले. सगळे उभे राहिले. मागच्या भिंतीपाशी सावळाराम काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. मला बोलायला सांगितले. मी म्हणालो, की गजाननरावांकडे एका पक्षकाराची एक गोष्ट होती. ती त्यांनी शेवटपर्यंत राखली. ती राखताना त्यांचा धंदा गेला, लोकांची थट्टा सोसावी लागली आणि एका जुन्या सहकाऱ्याचा संशय रोज समोरच्या खुर्चीत बसून सोसावा लागला. याला माझ्या माहितीत सचोटी म्हणतात. तो शब्द मी एकदाच उच्चारला आणि खाली बसलो. चिटणिसाने सुटकेचा श्वास टाकला. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सगळे ठाऊक होते की नव्हते, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून ठरवता आले नाही. मी ठरवण्याचा प्रयत्नही केला नाही.

माझी एक तक्रार शिल्लक राहते. अंथरुणावरून तुम्ही मला विचारा म्हणालात. मी विचारले असते, तर तुम्ही सांगितले असते का? मला वाटते, नसते. सावळाराम जिवंत होता. तुम्ही गप्प राहिला असता, आणि मी त्या गप्प बसण्याला पुन्हा गुन्ह्याची कबुली समजलो असतो. मग विचारा कशासाठी म्हणालात? बहुधा एवढ्याचसाठी, की मनात धरलेले मी एकदा तोंडावर बोलून मोकळे व्हावे; ते वेळीच बोललो असतो, तर शिळफाट्याला तो दुसरा चहाही मी प्यायलो असतो. हा माझा तर्क आहे. याला पुरावा नाही.

सभा संपल्यावर सगळे पांगले. पट्टेवाल्याने पुढच्या दाव्याचे नाव पुकारायला सुरुवात केली. मी बाररूममध्ये गेलो. टेबलावर माझे कागद तसेच पडले होते. समोर तुमची खुर्ची. हात सवयीने कागदांकडे गेला. मी तो मागे घेतला. मग त्यांतला वरचा कागद, जो पालथाच पडला होता, तो सुलटा केला, आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. खोलीत कोणी नव्हते. दार उघडे ठेवले.